साठ फेरे मागे

भिलवडी स्टेशनाकडून गावात येताना
वजनकाट्याच्या अलीकडे दस्तगीर मुलाण्यांचं दुकान.
पाटी नव्हती.
दारात जळक्या मोटारींची रांग
आणि फूटभर आधीपासून वॉर्निशचा वास.

नदीवरच्या मोटारी यायच्या
ट्रॉलीतून, गाडीतून, एक तर एसटीच्या टपावरून.
मिस्त्री झाकण काढून आत बॅटरी मारायचे.
"दोन फेज काळ्या, एक तांबूस.
एक फ्यूज गेलेला. मालक झोपलेला."
जसं काही त्या रात्री ते काठावरच बसले होते.

मग छिन्नी. तारांची टोकं छाटून
खाचेतला जळका गुंता उपसायचा,
आणि विकायच्या आधी मोजायचा.
"जुने वेढे मोज पोरी,
डाक्तरबी आधी जुना कागद बघतोय."
एका खाचेत त्रेचाळीस. खाचा छत्तीस.
मोजणाऱ्याला हाक मारायची नाही, हा दुकानाचा कायदा.
गिऱ्हाईक आलं तरी मिस्त्री
फक्त डावं बोट वर करायचे.

आयटीआयला मी ओहमचा नियम पाठ म्हटला होता,
दाब, प्रवाह, रोध, झोपेतसुद्धा.
पण पहिल्या दिवशी त्यांनी रोटर हातात दिला,
वरवंट्याएवढा, गार, जड,
आणि विचारलं, "याला तार कुठून जाती?"
मी उलटासुलटा करून पाहिला.
कुठूनच जात नव्हती.

"मैदानाला गेलीस कधी? कुस्तीच्या?
माणसं बसल्या जागची हलत न्हाईत,
पण आरोळी कशी गोल फिरती?
इकडनं उठती, तिकडं जाती, परत इकडं.
तसं ह्या तीन फेजांचं.
लोखंड जाग्यावर, चुंबक पळतंय.
आणि हा मधला गडी त्या आरोळीमागं."

आरोळी मिनिटाला पंधराशे फेरे.
गडी चौदाशे चाळीस.
"साठ मागंच ऱ्हाणार."
"आणि गाठलं तर?"
"मग त्याला आरोळी ऐकूच येणार न्हाई.
जोर कुठला मग?"
एवढं बोलून ते बांबूच्या पट्ट्या तासायला बसले.

त्या साली थंडीत
कोळीवहिनींच्या गिरणीची मोटार परत आली.
नुसती गुरगुरायची, उचलायची नाही.
भरली होती मिस्त्रींनी. स्वतः.
ते म्हणाले, बेअरिंग असेल,
आणि चष्मा पुसत राहिले, बराच वेळ.

रात्री मी कुलूप काढलं.
सिरीजचा दिवा लावून एकेक टोक तपासत गेले.
दुसऱ्या फेजमध्ये एक कॉइल उलटी जोडलेली,
जिथं शेपूट तिथं तोंड.
शेजारणीनं चुंबक मांडावं
आणि हिनं ते पुसावं.
तेवढाच सांधा कापला, फिरवला,
डाग दिला, नळी चढवली,
दोऱ्यानं बांधून वॉर्निश फिरवलं.
अडीच वाजता उसावरची लाईट आली
आणि नदीकाठ सगळा घुमायला लागला.

सकाळी मिस्त्रींनी खटका दाबला.
मोटार उठली.
त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या पोटाला लावलं,
मूठ कानाला,
आणि डोळे मिटून ऐकत राहिले.
मग बंद केली. झाकण काढलं.
माझी गाठ डाव्या हाताची असते.
गाठीवरून अंगठा फिरवला,
झाकण परत बसवलं,
चारही बोल्ट आवळले, एकेक करून.
"वहिनीला निरोप धाड," एवढंच.

त्यानंतर चरखीच्या या बाजूला ते, त्या बाजूला मी.
ते हँडल फिरवायचे, मी मोजायची. मोठ्यानं.
गिऱ्हाईक आलं की बोट आता माझं वर.
कधी त्यांचा हात थबकायचा,
बाहेर काट्यावर ट्रक चढलेला असायचा
किंवा काहीच नसायचं,
आणि ते माझ्याकडे पाहायचे.
एकोणतीस, मी म्हणायची.
तीस.
तार पुन्हा सरकायला लागायची,
माझा आकडा तिच्या किंचित मागे.